धुऱ्यावरची तार

गोपालने तारेचं शेवटचं टोक खुंटीला पिळून बांधलं आणि पक्कड खिशात घातली. त्याची बायको शारदा मक्याच्या कडेला गवताचा भारा बांधत होती. तार कुठून कुठवर गेली आहे ते तिने पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"इकून काऊन बांधली? डुकरं तं नाल्याकून येतात."

"आता इकून बी येतात."

"कवा आले?"

"तू भारा बांध."

रानडुकरांनी मका लोळवला होता, हे खरं. पण खुरांचे माग सगळे नाल्याकडचे. या बाजूला होता फक्त धुरा, दोन शेतांमधली हातभर पट्टी, आणि पलीकडे गोपालच्या थोरल्या भावाचं, जानरावचं शेत. गोपालने नांगरता नांगरता धुरा खाल्ला, असं जानरावचं म्हणणं. त्या हातभर मातीपायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. आज सकाळी पारावर जानरावने चारचौघांत सांगितलं होतं की, दिवस मावळायच्या आत हद्दीचा दगड होता तिथं परत रोवतो. ते ऐकून गोपाल न जेवताच जळगावच्या बाजारात तार आणायला गेला.

तार सरळ मोटरच्या पेटीला जोडलेली होती. लाइन आली की पेटीवरचा बल्ब लागणार आणि तारेत करंट उतरणार. असा करंट सोडायला बंदी आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी सोडणारे सोडतच. पण आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगून यायचं, एवढी रीत तेसुद्धा पाळत.

"भासऱ्यायले सांगतलं का?" शारदाने थोरल्या दिराचं विचारलं.

"अबोला हाय आपला."

"म्हणून सांगाचं नाही?"

गोपाल पेटीला पाठ लावून बसला आणि तंबाखू मळू लागला. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून जानराव येताना दिसला. खांद्यावर लोखंडी पहार होती. गोपालचा अंगठा तळहातावर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"सांगा ना त्यायले!"

"काय सांगू? पहार घेऊन येऊन राह्यला तो. दिसत नाही तुले?"

"दगडासाठी हाय ते पहार."

गोपाल तंबाखू मळतच राहिला. शारदाला त्याची भीती वाटली. मागे याच मक्यात एक डुकरीण पिल्लांसकट तिच्या पुढ्यात आली होती. माती उकरून हुंकारली, आणि शारदा दोन पावलं मागे सरली तशी पिल्लांना घेऊन चालती झाली. डुकरिणीचं तेवढ्यावर भागलं होतं. तेव्हाही शारदा घाबरली होती, पण अशी नाही.

जानराव धुऱ्याशी पोचला. तार गवतात बुडालेली, त्याला दिसायचं कारण नव्हतं.

बल्ब लागला.

"ओ!" शारदा ओरडली.

जानरावने मान वर केली नाही. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, नाव तर तोंडातूनही काढायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने हे पाळलं होतं. ती ओरडली तर दुसऱ्या कुणासाठी, हे जानरावला इतकं सवयीचं झालं होतं की त्याने पहार उचलली, दगडाच्या बुडाशी नेम धरला. त्याला हाक मारायला शारदाकडे शब्दच नव्हता.

"जानराव!"

पहार वरच्या वर राहिली.

"मांगं सरा! तारेत करंट हाय!"

तो दचकून मागे झाला. पहार त्याने हळूच आपल्या बाजूला आडवी ठेवली. मग वाकून गवत निरखलं. तार दिसली तशी तो नजरेनेच तिच्या मागे गेला, धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर नाल्याकडे पाहिलं. तिकडे एक खुंटीसुद्धा नव्हती.

शारदाकडे त्याने पाहिलं नाही. तो भावाकडे पाहत होता, आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

"गोप्या, डुकरं नाल्याकून येतात ना बे?"

गोपालच्या तळहातावर तंबाखू तशीच होती. तो उठला नाही. शारदा त्याला ओलांडून पेटीपाशी गेली आणि तिने खटका खाली ओढला. पदर खांद्यावर पडला होता. तो तिने परत डोक्यावर घेतला नाही.