तिसरं बोट मावेना

मी एक जुना अडकित्ता आहे. धारदार पातं आणि दोन दांड्या, एवढाच माझा संसार. घाटंजीच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं आणि जवळच्या बंजारा तांड्यावरच्या लालीबाईने मला घरी आणलं.

मित्रांनो, तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! सोयरीक जमवायला पाहुणे आले की पहिली हाक मला. एका सुपारीची आठ कात्रणं व्हायची आणि ती आठ जणांत जायची. "कशी पातळ कातरता वो, लालीबाई!" असं कोणी म्हटलं, की मीच फुगायचो.

लालीबाईचा लेक जीवन तेव्हा पाच वर्षांचा होता. तो तिच्या गुडघ्याशी बसून तळहात पुढे करायचा. "याडी, आनखी एक!" तांड्यावर आईला याडी म्हणतात. ती हसून सुपारीचा तुकडा द्यायची. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या अंगी पातं आहे, लगाम नाही. हात दाबतो तसं मी कातरतो.

जीवन मोठा झाला आणि पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर ट्रक चालवू लागला. डुलकी लागू नये म्हणून त्याने खर्रा धरला. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळतो. त्याला ना अडकित्ता लागतो, ना पाहुणे. आधी जेवणानंतर एक, मग चहानंतर, मग चहाच्या आधीही. दिवसाला दहा-बारा पुड्या कधी झाल्या, ते त्यालाही कळलं नाही. मी कोनाड्यात गंजत पडलो. खरं सांगतो, मला त्याच्या तब्येतीची नव्हे, माझ्या गंजाचीच काळजी होती.

मग त्याची बायको ममता त्याला भाकर वरणात कुस्करून देऊ लागली. "तिखट झोंबते," एवढंच तो सांगायचा.

एके दिवशी त्यांची मुलगी बबिता शाळेतून धावतच आली. शाळेत डॉक्टर आले होते; धड तोंडात तीन बोटं उभी मावतात, असं त्यांनी शिकवलं होतं.

"बा, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं."

जीवनने हसत घातली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याने पुन्हा घालून पाहिलं आणि त्याचं हसू विरलं.

"म्हनून भाकर कुस्करून लागते तुम्हाले!" ममताचा आवाज फाटला. "मले काहून नाही सांगतलं?"

दुसऱ्याच दिवशी मायलेकी त्याला यवतमाळला घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की तोंडाची कातडी आतून आखडली आहे, याचा पुढे कर्करोगही होऊ शकतो. तंबाखू वाईट आहेच, पण तोंड आखडवते ती मुख्यतः सुपारी. घरी येऊन बबिताने हे सांगितलं आणि लालीबाईची नजर कोनाड्याकडे गेली. माझ्या पात्यात कळ उठली. इतकी वर्षं मी सगळा दोष तंबाखूवर ढकलून मोकळा होतो.

लालीबाईने मला उचललं आणि ती विहिरीकडे निघाली. "यानंच माह्या लेकाचं तोंड शिवलं!"

"आजी, त्यानं नाही," बबिता हळूच म्हणाली. कोणी, ते तिने सांगितलं नाही. लालीबाईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि ती मला घेऊन परत फिरली.

आता मला राखेने घासून लख्ख केलं आहे. मी वाळलेला आवळा कातरतो. खर्ऱ्याऐवजी जीवनला त्याचे दिवसाला तीनच तुकडे मिळतात. खर्रा सुटल्यापासून तो चिडतो, पानठेल्याच्या वाटेला लागतो आणि अर्ध्यातून परत येतो. रोज परत येईलच, याची खात्री घरात कोणालाच नाही.

काल त्याने तळहात पुढे केला. "याडी, आनखी एक."

लालीबाईचा हात थबकला. तेच शब्द, तोच तळहात, फक्त मोठा झालेला. आवळ्याचा चौथा तुकडा काही विष नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने माझ्या दांड्या मिटल्या.

"नाही, बेटा," ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली. हे उत्तर द्यायला तिला पस्तीस वर्षं लागली.

तिसरं बोट अजून मावत नाही.

मित्रांनो, आज जेवायला बसण्याआधी घरातल्या खर्रा खाणाऱ्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. आणि कधी एखादं लेकरू सुपारीसाठी लाडाने तळहात पुढे करील, तेव्हा आपली मूठ मिटा. मला आपणहून मिटता येत नाही. तुम्हाला येतं.