अमरपट्टेवाल्याच्या खिशात

मी एक जुनी लाल चिंधी आहे. हे मी म्हटलं तर चालेल, मित्रांनो. तुम्ही म्हणालात तर तोंड फिरवून बसेन. मी काही उकिरड्यावरून उचललेली नाही. चांगल्या जाड पडद्याच्या पोटची आहे. माझा रंग बघा, अजून विटला नाही. माझी किनार बघा, चारी बाजूंनी दुहेरी शिलाई. आणि एवढ्या घरंदाज कापडाच्या नशिबी काय यावं? खिसा! बिस्किटांचा चुरा, किल्ल्यांचा जुडगा आणि चघळून कागदात गुंडाळलेला च्युइंगम, यांच्या शेजारी माझं बिऱ्हाड.

सांगते सगळं. मधे बोलू नका, मला राग येतो.

माझा जन्म शिलाई मशीनच्या पायाशी झाला. घरातली आई पडदे शिवायची. एका सभागृहाचे लाल पडदे शिवून झाले आणि मी कडेचा तुकडा म्हणून खाली पडले. तेवढ्यात तिची थोरली मुलगी आली.

"आई, हा लाल तुकडा घेऊ? लांबून दिसेल असाच हवाय."

"कशाला? बैल बुजवायला?"

"नाही गं. खेळात मेलं की डोक्यावर घ्यायला."

"शुभ बोल की जरा! वेड लागलंय या घराला," असं म्हणत आईने मला उचललं, आणि बडबडत बडबडतच माझ्या चारी कडा शिवून काढल्या. तिला सुटलेले दोरे दिसले की झोप येत नसे.

त्या खेळाचं नाव एअरसॉफ्ट. तुमच्यातल्या काहींना माहीत असेल, काहींना नसेल. दोन संघ असतात. हातात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळातल्या बंदुका असतात. त्यातून ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी प्लास्टिकची गोळी सुटते. डोळ्यांवर जाड चष्मा आणि तोंडावर मुखवटा घातल्याशिवाय दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. समोरचा अगदी जवळ असेल तर गोळी मारायची नाही, नुसतं "धरला" म्हणायचं. हे सगळे नियम चांगलेच आहेत. पण खरी गोम पुढेच आहे.

ही गोळी लागते, पण डाग सोडत नाही. रंग नाही, ओरखडा नाही, काही नाही. लागली की नाही, हे ज्याला लागली त्यालाच ठाऊक. म्हणून त्याने स्वतःच ओरडायचं, "लागली!" मग खिशातून लाल चिंधी काढून डोक्यावर धरायची आणि मुकाट्याने बाहेर जायचं. लाल चिंधी डोक्यावर असलेल्याला कोणी गोळी मारत नाही. पंचाने सांगायची गरज नाही आणि भांडायचीही गरज नाही. पूर्ण खेळ त्या एका शब्दावर आणि माझ्यावर उभा! आता सांगा, चिंधी म्हणाल मला?

आईला हे कळलं तेव्हा तिने मशीन थांबवली. "म्हणजे पोलीसही तूच आणि चोरही तूच? मग ऐक. लागली तर लागली म्हणायचं. ते जमत नसेल तर घरी बस आणि कांदे सोल. तिथे रडलीस तरी कोणी विचारणार नाही."

थोरलीने ते ऐकलं. काय दिवस होते ते! गोळी नुसती बुटाच्या टाचेला चाटून गेली तरी मी वर. एकदा ती अशी बाहेर आली, तर समोरच्या संघाने टाळ्या वाजवल्या. कोणाच्याच बंदुकीला ती गोळी आपली वाटत नव्हती, पण हिला लागली होती ना! मी तिच्या डोक्यावर अशी मिरवले, की सभागृहाचा पडदा होऊनही मिरवले नसते.

लोक तिच्यावर इतका विश्वास ठेवू लागले, की त्यांनीच तिला पंच केलं. पुढे तिने नोकरी सोडली, एक बंद पडलेली बिस्किटांची फॅक्टरी भाड्याने घेतली आणि तिथे मैदान उभं केलं. लोखंडी ट्रे, जुन्या ढकलगाड्या आणि मोठ्या भट्ट्या यांच्याआड लपायचं. कोपऱ्यात अजून व्हॅनिलाचा वास येई. तिच्याकडे सगळ्या प्रकारची माणसं येत. का येत? "तिथे लागली म्हणजे लागली," एवढ्याचसाठी. तिचं भांडवल म्हणजे तेवढंच.

पंच झाल्यावर तिने मला धाकट्या भावाच्या हातात दिलं. "सांभाळ," म्हणाली. त्याने मला मांडीवरच्या खिशात कोंबलं. सांभाळण्याची ही तऱ्हा!

सुरुवातीला तो मला काढायचा, पण उशिरा. लागल्यावर आणखी एक-दोन गोळ्या मारून मग "अरे हो, लागली वाटतं." पुढे तेही थांबलं. "मला नाही, ट्रेला लागली." "पट्ट्याला लागली, पट्टा म्हणजे मी नाही." एकदा तर म्हणाला, "वाऱ्याने वळली रे." बंद फॅक्टरीत वारा! नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि मित्रांनो, मला माहीत होतं ना! मी त्याच खिशात होते. गोळी खिशावर आपटली की पहिली मला लागायची. टप्प! अगदी पोटात. मी आत तळमळायचे. अरे, म्हण की लागली! काढ मला! पण चिंधीला तोंड कुठे असतं? तो भट्टीमागून ओरडायचा, "काय नेम आहे की चेष्टा?" चोराच्या उलट्या बोंबा. ज्या घरात सुटलेला दोरा चालत नाही, त्या घरातला हा सुटलेला दोरा.

समोरच्या संघात एक वायरमन होता. शांत माणूस, नेम पक्का. त्याच्या गोळ्या मला ओळखीच्या झाल्या होत्या. एकदा पाणी पिताना तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावाने अमरपट्टा कुठून आणलाय, तेवढं विचारा. आम्हालाही घ्यायचाय."

सगळे हसले. तेव्हापासून धाकट्याचं नाव अमरपट्टेवाला पडलं. थोरली मात्र हसली नाही. घरी जाताना तिने विचारलं, "खरं आहे का रे?"

"ताई, तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

तिने विषय सोडून दिला. तिथेच चुकली. कुंपण आपलं असलं तरी ते शेत खातंय का, हे बघावं लागतं.

मग तो दिवस आला. धाकटा एका ढकलगाडीमागे अडकला होता. समोर वायरमन आणि त्याचे दोन साथीदार. अचानक त्याचा हात खिशात आला. मला वाटलं किल्ल्या शोधतोय. पण त्याने मलाच धरलं, झटक्यात बाहेर ओढलं आणि डोक्यावर घेतलं! मित्रांनो, किती दिवसांनी उजेड दिसला. मी आनंदाने फुलले. आलं रे पोरगं ताळ्यावर, म्हटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. टप्प कुठे झालं होतं? गोळी लागलीच नव्हती.

माझ्या आडून तो आरामात चालत निघाला. वायरमनने लाल रंग बघून बंदूक खाली केली आणि वर "या साहेब" म्हणून वाटही दिली. धाकटा त्यांच्या मागे पोहोचला, त्याने मला डोक्यावरून ओढून खिशात कोंबलं आणि तिघांच्या पाठीत गोळ्या मारल्या. "गेले तिघंही!" म्हणून नाचला.

मला लाज वाटली. खिशातल्या च्युइंगमलासुद्धा तोंड दाखवू नये असं झालं.

वायरमन आपली चिंधी डोक्यावर घेऊन बाहेर गेला. नियमाने लागलीच होती ना त्याला.

पुढच्या आठवड्यात धाकट्याच्या संघात ड्रॉइंगच्या बाई होत्या. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या, इथे सगळ्यांना "बाळांनो" म्हणणाऱ्या. त्यांना खरंच गोळी लागली. "लागली!" म्हणून त्यांनी चिंधी डोक्यावर घेतली, एका हाताने धरून ठेवली आणि भट्टीच्या कोपऱ्यावरून वळल्या. वळल्या त्या थेट वायरमनसमोर. हातभर अंतर. त्याला फक्त भट्टीमागून येणारा लाल रंग दिसला. आणि त्याने गोळी झाडली.

डोक्यावर चिंधी धरलेल्या बोटाच्या सांध्यावर ती बसली. बाई खाली बसल्या. नख काळंनिळं पडलं, बोट फुगलं. उजव्या हाताचं, ब्रश धरायचं बोट.

शिट्टी वाजली. सगळे धावले. वायरमनने बंदूक खाली ठेवली. "मला काय माहीत ही खरी की खोटी? त्या दिवशी तुमच्या भावाला वाट दिली, तर पाठीत खाल्ली!"

"म्हणून एवढ्या जवळून मारायची?" थोरली कडाडली. "तू आजपासून बाहेर." मग ती भावाकडे वळली. "आणि तूही."

"मी? मी तर गोळीच मारली नाही!"

"गोळी त्याने मारली. बोट तू मोडलंस."

"चिंधी डोक्यावर घेऊन चालायचं नाही, असा नियम कुठे आहे?"

यावर बाईच बोलल्या, हात पोटाशी धरून. "बाळा, सगळंच लिहून द्यावं लागतं का रे?"

त्या रविवारी पुष्कळ जण बॅगा उचलून गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पुढच्या रविवारी थोरली दाराशी गोळीचा वेग मोजायचं यंत्र मांडून बसली, आणि मोजायला बंदुकाच आल्या नाहीत. मी दोरीवर वाळत होते. घरी आईने मला धुताना धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "कांदे संपलेत. घेऊन ये, तुलाच सोलायचेत."

बरेच महिने धाकट्याला आणि वायरमनला खेळ बंद होता. बाईंचं बोट बरं झालं, पण पूर्ण मिटत नाही. धाकट्याने त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. मग प्रत्येक रविवारी दाराशी बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चष्मे पुसत राहिला. पाठीमागे लोक म्हणत, "पुसू दे, अमर आहे, वेळच वेळ आहे." हळूहळू माणसं परतली. वायरमनही आला. आणि एक दिवस थोरलीने दोघांना आत सोडलं.

खेळ सुरू झाला. मी खिशात, जीव मुठीत धरून. आणि थोड्याच वेळात... टप्प! खिशावर. थेट माझ्यावर. कोणी बघितलं नव्हतं. भट्टीमागे अंधार होता. मला सवयीने वाटलं, आता म्हणेल, ट्रेला लागली.

"लागली!"

त्याने मला बाहेर काढलं. चुरा सांडला. मी डोक्यावर गेले. खरी, शंभर टक्के खरी! तो ट्रेच्या आडून बाहेर आला.

आणि वायरमनची बंदूक खाली झाली नाही.

"जागचा हलू नकोस," वायरमन म्हणाला. "दोन्ही हात वर. चिंधीला हात लावलास तर बघ."

धाकट्याने दोन्ही हात वर केले. मला धरायला आता कोणी नव्हतं. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी मान ताठ धरून तो चालू लागला. त्याच्याच संघातल्या बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनीही पाठ वळवली नाही, तो जाईपर्यंत भिंतीला टेकून राहिल्या. वायरमनची नळी दारापर्यंत आमच्या मागोमाग फिरत आली. मी केसांना चिकटून राहिले. इतक्या दिवसांनी एवढी खरी होते आणि एकालाही पटत नव्हते! संताप होतो नुसता. त्या पोराचा, त्या वायरमनचा, कोणाकोणाचा करू?

दाराशी थोरली होती. तिने बघितलं. "बस," एवढंच म्हणाली. तो बाकावर बसला. बाकावर चिंधी काढून ठेवायची मुभा असते. त्याने शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मला डोक्यावरून काढलं नाही.

त्याला किती रविवार झाले, मी मोजत नाही. तो आता लागली की लगेच म्हणतो. खिशात चुरा नसतो. पण तो लाल रंग घेऊन निघाला, की वायरमनची नळी अजून त्याच्याबरोबर दारापर्यंत जाते. आणि त्या वायरमनला मी दोष देणार नाही.

मित्रांनो, तुमचा खेळ कुठलाही असो, तुमच्याही कुठल्या तरी खिशात माझ्यासारखी एखादी असेल. तिला किल्ल्यांखाली कुजवू नका. आणि खोटं बोलायला तर तिला कधीच बाहेर काढू नका. कोणी बघितलं नाही म्हणता? जिला पहिली लागते ती तुमच्याच खिशात आहे.

चला, शिट्टी झाली. मला आत जायचंय. आज तरी ती नळी खाली होते का, बघते.