तारे दिसतात, बाई दिसत नाही

लोइस डेट्वायलर त्या शनिवारी मर्विनशी सहमत झाली, आणि तिथंच बिनसलं.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या छोट्या गावात वाचनालयाच्या तळघरात महिन्यातून एकदा नाणेवाल्यांची बैठक भरे. लोइस भूमितीची निवृत्त शिक्षिका, मर्विन गेरहार्ट लेथवर आयुष्य काढलेला कारागीर. दोघांचं वेड एकच, दोनशे वर्षांपूर्वीचे चांदीचे अर्धे डॉलर: मधोमध टोपीतल्या बाईचा मुखडा, कडेनं तेरा तारे, मागं गरुड. तेव्हा टांकसाळीत साचे हातानं कोरत, त्यामुळे एका साच्यात तारा किंचित वर, दुसऱ्यात अक्षराचा पाय कललेला. त्यावरून कुठलं नाणं कुठल्या साच्यांच्या जोडीतून निघालं ते ओळखायचं. अठराशे सत्तावीसच्या एकाच नाण्याचे मर्विनकडे एकतीस प्रकार होते. आणि बावीस वर्षं तो जो दर्जा सांगेल, त्यावर लोइस हरकत घेत आली होती.

त्या दिवशी हॅरल्ड यॉस्टनं आपलं नाणं पुढं केलं. मर्विननं भिंग लावलं, बराच वेळ लावला. "सत्तरपैकी पंचावन्न. मूळची चमक आहे."

नाणं कुणीतरी चमकवायला खसाखसा घासलेलं होतं, आणि घासलेल्या नाण्याला असा दर्जा मिळत नाही. बारीक ओरखडे लोइसला भिंगाशिवाय दिसत होते. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"हो, पंचावन्न," ती म्हणाली.

मर्विननं भिंग खिशात टाकलं आणि बैठकीतला ॲपल-पायचा तुकडा न खाताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोंबडी-मक्याच्या सुपाचं भांडं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"दया घेऊन आलीस?" त्यानं विचारलं.

"सूप घेऊन आलेय. बाजूला हो, भांडं गरम आहे."

स्वयंपाकघरात बसल्यावर तो म्हणाला, "बावीस वर्षांत माझं एक नाणं धड मान्य केलं नाहीस. काल केलंस. म्हटलं, संपलं आपलं."

"डोळे कधीपासून?"

"वर्ष झालं. जिथं बघावं तिथं मधोमध डाग. नाण्याचे कडेचे तारे दिसतात, बाई दिसत नाही. गुरुवारी नाण्यांचा व्यापारी येतोय. सगळं देऊन टाकणार."

लोइसनं त्याच्या कपाटातली पेटी आणली, एक नाणं कडेनं धरून उजेडात नेलं. "सातव्या ताऱ्यापासून टोपीपर्यंत चीर. मागं गरुडाच्या पंजाखाली एक ठिपका."

"ठिपका पंजातल्या बाणाच्या डावीकडे?"

"उजवीकडे."

"मग चौदावा प्रकार. लँकेस्टरला घेतला होता, पावसात."

ती वर्णन करायची, तो नाव सांगायचा. सूप निवून गेलं. शेवटी तिच्या हाती त्याचं सगळ्यात लाडकं नाणं आलं, ज्याच्या दुर्मीळपणाच्या गोष्टी सगळ्या बैठकीला पाठ होत्या. तिनं ते तीनदा फिरवलं.

"बोल ना," मर्विन म्हणाला. "आज खोटं बोललीस तर सूप परत घेऊन जा."

"तेरावा तारा काठावरच्या दातांच्या फटीसमोर नाहीये. दातासमोर आहे. हा साधा प्रकार आहे, मर्विन."

त्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. "दर्जा तरी?"

"पन्नास."

"त्रेपन्न."

"तुला दिसत नाहीये."

"दिसत होतं तेव्हाही त्रेपन्नच होता. तू हट्टी आहेस."

लोइसला इतकं बरं वाटलं की तिनं चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"आता हॅरल्डला फोन कर," तो म्हणाला. "त्याचं नाणं घासलेलं आहे, हे सांग. चूक माझी आणि खोटेपणा तुझा, दोन्ही सांग."

तिनं सांगितलं. हॅरल्ड थोडा चिडला, मग म्हणाला, मलाही शंका होतीच. फोन ठेवल्यावर मर्विननं व्यापाऱ्याचा नंबर सांगितला, तोही तिनंच लावून दिला. गुरुवारी येऊ नका, असं त्यानं सांगितलं. तेव्हा ती सूप पुन्हा गरम करायला उठली होती.