भावाच्या आवाजाची फाइल

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात अशी त्याची समजूत होती. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली की त्याचा दिवस गोड जाई. आधी फाइलची कॉपी करून मगच तिला हात लावणाऱ्यांना तर तो भित्रे म्हणून हिणवायचा.

रविवारी सकाळी वहिनी मेमरी कार्ड घेऊन आल्या. पंडितचा थोरला भाऊ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेकॉर्डरवर मुलीसाठी काहीतरी बोलून ठेवून गेला होता; ऑपरेशनातून तो उठलाच नाही. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. आता तिला बापाचा आवाज ऐकायचा होता. रेकॉर्डर कधीच बंद पडला होता आणि त्याची फाइल दुसऱ्या कशातच वाजत नव्हती. वहिनींनी ती नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तर नुसती चित्रविचित्र चिन्हं.

पंडित पोट धरून हसला. ही बायनरी फाइल, यात अक्षरं नसतात, नुसते बाइट असतात, ते आकड्यांसारखे वाचून त्यातून आवाज काढावा लागतो, असं त्याने दहा मिनिटं नाकाने कांदे सोलत सांगितलं. गरजवंताला अक्कल नसते. वहिनी मान डोलावत राहिल्या.

मग स्वारीने थेट कार्डावरच्या फाइलवर प्रोग्राम चालवला. फाइल उघडायची ओळ नव्याने लिहायचे कष्टही घेतले नाहीत, आपल्याच एका जुन्या प्रोग्राममधून उचलली. तो प्रोग्राम फाइल वाचणारा नव्हता, लिहिणारा होता. लिहायला म्हणून उघडली की फाइल त्याच क्षणी रिकामी होते, हे पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊलाही ठाऊक असतं. पडद्यावर फाइलचा आकार दिसला, शून्य. पंडितच्या तोंडचं पाणी पळालं. घाबरून त्याने चार उलट्यासुलट्या खटपटी केल्या आणि कार्डावर जे उरलंसुरलं होतं तेही पुसून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

"लागली का हो भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढी कुवत या गृहस्थात नव्हती.

"नोटपॅडमध्ये उघडलीत ना, तेव्हाच ती खराब झाली," तो म्हणाला.

वहिनींनी कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं. मग सुट्टीच्या दिवशी त्रास दिला म्हणून त्यांनी उलट त्याचीच माफी मागितली आणि चपला घातल्या.

"पोरीशी मी खोटं नाही बोलणार," त्या दारातून म्हणाल्या. "माझ्याच हातून गेलं, असं सांगेन."

पंडितने मान डोलावली.