तर्जनीवरचा कापूस

वेदवतीनं कापसाचं टोक वळून सुतासारखं बारीक केलं आणि हणमंतच्या तर्जनीला हलकेच टेकवलं.

"हूं," डोळे मिटलेला हणमंत म्हणाला.

मग मधल्या बोटाला.

"हूं."

अंगठ्यालाही तेच. सगळं केसपेपरात लिहिल्याप्रमाणं चाललं होतं. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि हा रुग्ण तिच्या वाट्याला आला होता. चाळिशीचा, बेळगोळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा. सहा महिन्यांपूर्वी पत्र्यानं मनगट चिरलं, आतली नस तुटली, ती शिवली. बोटांत ताकद परत आली होती. 'स्पर्श पूर्ववत' असं गेल्या आठवड्यात पद्मनाभ सरांनी स्वतः लिहिलं होतं. थोड्या वेळात तेच सर बाहेरून आलेल्या परीक्षकांना घेऊन पडद्याआड येणार होते.

खात्रीसाठी तिनं पुन्हा हात पुढं नेला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणी खोकलं, म्हणून ती मधेच थांबली. कापूस बोटापासून चार अंगुळं लांब होता.

"हूं," हणमंत म्हणाला.

वेदवतीनं कापसाकडं पाहिलं, मग स्वतःच्या एप्रनकडं. हात जरा हलवला. कडक इस्त्रीच्या बाहीची खसखस तिला पहिल्यांदाच ऐकू आली. तिनं बाही कोपराच्या वर दुमडली आणि श्वास धरून कापूस तर्जनीला लावला.

हणमंत गप्प. मधलं बोट, अंगठा. गप्पच. करंगळीला लावल्यावर मात्र तो लगेच "हूं" म्हणाला. तिथली नस वेगळी, ती शाबूत होती. तिनं टाचणी घेतली आणि तर्जनीच्या टोकाला टोचली. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

फार वेळ शांतता राहिली तेव्हा त्यानं डोळे उघडले. टाचणी पाहिली, दुमडलेली बाही पाहिली.

"तंगी," तो हळू म्हणाला. सुरुवातीला नाव विचारताना दोघांच्याही घरी मराठी बोलतात हे निघालं होतं. तेव्हापासून तो तिला कन्नडमधल्या धाकट्या बहिणीच्या याच शब्दानं हाक मारत होता. "लिहू नको. सोमवारपासून ड्यूटीवर घेतो म्हटलेत."

"प्रेसखाली बोट गेलं तर कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

"डोळ्यांनी दिसतं की. सोळा वर्षं झाली मला त्या मशिनवर. नाहीतर गेटावर बसिवतात. सुम्मने, उगीच बसायचं, लॉऱ्यांचे नंबर लिहीत."

"मग सरांना कसं..."

"त्यांना बी असंच ऐकून सांगितलो. घाईत होते बिचारे." त्यानं पडद्याकडं नजर टाकली. "त्यांनी लिहिलंय तेच तू लिही. तुला मार्क, मला काम. कुणाचं काय जातं?"

तिनं पेन उचललं. 'स्पर्श' या शब्दापुढची जागा कोरी होती. ती कोरी असतानाच पडदा सरकला.

परीक्षक डॉ. नरसिंहमूर्ती तिच्यासमोर उभे राहिले. आधी स्नायूंची ताकद विचारली, मग सांध्यांची हालचाल. तिनं कन्नडमधून नीट सांगितलं. पद्मनाभ सर मागं उभे राहून मान हलवत होते. चार वर्षं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"स्पर्श?"

हणमंत छताकडं बघत होता.

"अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिन्हींत नाही, सर."

पद्मनाभ सरांची मान हलायची थांबली. "नीट तपासलंस?"

"हो सर."

"बघू." त्यांनी कापूस घेतला, हणमंतला डोळे मिटायला सांगितले. तर्जनी. हूं. मधलं बोट. हूं. अंगठा. हूं. एकही चुकलं नाही. नरसिंहमूर्तींनी गुणांच्या कागदावर पेन टेकवलं.

"सर," वेदवती म्हणाली, "बाही वर घेता का?"

पद्मनाभ सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या दुमडलेल्या बाहीकडं. शर्टाच्या कफाचं बटण काढायला त्यांना वेळ लागला. बाही वर गेली. कापूस तर्जनीला लागला, उचलला गेला, पुन्हा लागला. हणमंतची छाती वरखाली होत होती. आणखी थोड्या वेळानं तो विचारल्यासारखा "हूं?" म्हणाला. तेव्हा कापूस सरांच्या मुठीत होता.

सरांनी केसपेपर ओढून घेतला. आठवड्यापूर्वीची ओळ खोडली, नवी लिहिली, खाली सही केली आणि वेदवतीकडं न बघता बाहेर गेले.

चारच्या सुमारास ती फाटकाबाहेर आली. बसथांब्याच्या बाकावर हणमंत बसला होता. परत फिरावं असं तिला वाटलं, पण त्यानं पाहिलं होतं.

"पास झालीस?"

"निकाल महिन्यानं."

त्यानं मान हलवली. मांडीवर नव्या नोंदीचा, घडी केलेला कागद होता. "आत्ताच कारखान्यात जाऊन मेस्त्रीला सांगतो. सोमवारी सगळ्यांसमोर नको."

ती उभीच राहिली. "माझ्यावर राग आलाय तुम्हाला."

"आलाय की," तो म्हणाला.

बेळगोळची बस वळणावर दिसली. हणमंत उठला, कागद खिशात ठेवला, आणि तिच्यासमोर येऊन हनुवटी वर केली. शर्टाचा गळा उघडा होता.

"ही गुंडी लाव जरा. खालच्या बघून लावतो. ही दिसत नाही."

वेदवतीनं पिशवी बाकावर ठेवली. "घरी कोण लावतं?"

"बायकू. बोटं आखडतात म्हणून सांगितलोय तिला."

काज लहान होतं. गुंडी आत जाईपर्यंत तो मान वर करून, न हलता उभा राहिला.