थोरलीशेजारचा बारका ठिपका

“ह्या नळकांड्यातून काही दिसत न्हाई, नुसता डोळा दुखून राह्यला,” उषाबाई माझ्या काचेशी कुरकुरल्या.

मित्रांनो, ते नळकांडं म्हणजे मी, एक जुनी पितळी दुर्बीण. निजामाच्या अमदानीत काकासाहेबांनी मला हैदराबादेहून जालन्याला, मस्तगडच्या घरी आणलं. आधी माझं कोण कौतुक! पुढे गच्चीत माझ्या तिवईवर धोतरं वाळू लागली.

हिवाळ्यात, दिवेलागणीनंतर, मला देवयानीच्या ताऱ्यांत एक पुसट ढग दिसे. ती प्रचंड दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. शेजारचा बारका ठिपका, तीही दीर्घिकाच, पण धाकटी, थोरलीभोवती फिरणारी. थोरली तिला मारत नाही हो, नुसती ओढते. ज्या वायूतून नवे तारे जन्मतात तो आधी जातो, आणि धाकटीची कूस थांबते. मग तिच्या कडेचे तारे सुटतात नि थोरलीभोवती फिरू लागतात, जणू तिथलेच. लांबून वाटतं, थोरलीनं किती जवळ केलंय!

खाली घरातही तेच चाललं होतं. काकासाहेबांचा धाकटा भाऊ वारला. त्याची बायको नंदाबाई लेकीला, शैलाला, घेऊन मागच्या खोलीत राहत. “एकटी कशाला राबतेस?” म्हणत काकासाहेबांच्या निपुत्रिक बायकोनं, उषाबाईंनी, आधी त्यांची चूल विझवली. मग शैलाला जेवायला नेलं, मग निजायला. शैला त्यांना रीतीप्रमाणे ‘मोठी आई’ म्हणे. हळूहळू त्यातला ‘मोठी’ गळाला. जन्मदात्रीला पोर ‘काकू’ म्हणू लागली. गल्ली म्हणे, “काय मोठ्या मनाची माणसं!”

मित्रांनो, माझी काच जरूर पुसा. पण कुणाला पंखाखाली घ्याल, तेव्हा त्याचं काय काय सुटून तुमच्याकडे आलं, तेही बघत जा.

त्या संध्याकाळी काकासाहेब गच्चीत सगळ्यांना ह्या दोन दीर्घिका दाखवत होते. उषाबाईंचं कुरकुरून झालं, तशी शैला पुढे झाली नि तिनं डोळा लावला.

“काका, ह्या बारकीचं पुढं काय होणार?”

“मोठीत मिसळून जाईल. तिचंच भलं.”

“बराबर,” उषाबाई म्हणाल्या, “एकटीनं काय दिवे लावले असते?”

“काकू, तू बी बघ ना!”

नंदाबाईंनी पदर सावरून डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. थोरल्या दिरापुढे त्यांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “माझी लेक गिळली तुम्ही दोघांनी.”