अंगणातला माड

भिकाजीला होडीशिवाय दुसरा विषय ठाऊक नव्हता. मुंबईच्या गोदीत उभी हयात माल मोजण्यात गेली, पण त्याचं लक्ष मालापेक्षा तो घेऊन येणाऱ्या गलबतांवर जास्त. नोकरी संपवून तो आगबोटीने मालवणला उतरला तेव्हा सगळं सामान एका ट्रंकेत मावलं. होडीच्या गप्पा मात्र कुठे मावेनात. घराच्या छपराकडे बघून म्हणायचा, ही उपडी घातलेली होडीच. भात कालवताना भरती-ओहोटी समजावायचा. संसार म्हणजे दोन वल्ह्यांची होडी, असं त्याने एकदा म्हटलं तेव्हा त्याच्या बायकोने, तुळसाने, विचारलं की मग इतकी वर्षं माझंच वल्हं एकटं का चालत होतं. त्यावर तो वल्ह्यांच्या लाकडावर बोलू लागला.

वाडीतले लोक त्याच्या गजाली हसत हसत ऐकायचे. हसण्यावारी नेता आली नाही अशी एकच गोष्ट त्याने केली होती. मुलगी सुभद्रा हिला कुडाळकडची, भातशेतीवाली दोन स्थळं सांगून आली होती. ती मोडून त्याने तिला वाडीतल्याच गुरुदासला दिली, कारण गुरुदास खोल पाण्यात जायचा. बाकीची वाडी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारी; पाण्यातल्या खडकांच्या, खडपांच्या, पलीकडे जाणारी होडी एकच, ती हाकणारा तांडेल दाजी, आणि गुरुदास त्या होडीवर. तुळसा तेव्हा चुलीपुढे बसून रडली होती. "तुमका होडयेची हौस, म्हणान माझ्या चेडवान दर्याकडे बघीत बसाचा?" असं ती म्हणाली होती. भिकाजीला ते बायकी बोलणं वाटलं. त्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

पाऊस सरल्यावर त्याने अंगणातच मांडव घालून स्वतःची होडी बांधायला घेतली. सुतार बोलावले, फणसाच्या फळ्या आणल्या, आणि रोज सकाळी उठून होडी आणखी हातभर लांब हवी असं सांगू लागला. माघात ती तयार झाली. उंडीचं तेल आणि चंद्रुसाचं रोगण पिऊन चकचकीत झाली. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की तिला बाहेर काढायला वाट नाही. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि नाळीच्या, होडीच्या पुढच्या टोकाच्या, थेट समोर जुना, उंचच उंच माड. वाडीला दोन आठवडे हसायला पुरलं. पोरं तिला विहिरीतच सोडा म्हणू लागली.

माड तोडायचा, असं भिकाजीने मनाशी ठरवलं. भरल्या घडांचं झाड, निदान देवळात गाऱ्हाणं घालून देवाला विचारा तरी, असं तुळसा सांगत होती. पण देवळात गेलं की चार माणसं जमणार आणि पुन्हा हसणार. म्हणून त्याने दिवस नेमका निवडला. सगळी वाडी आचऱ्याला लग्नाला गेलेली, दाजीची होडी पहाटेच समुद्रावर गेलेली. त्याने कणकवलीकडून दोन माणसं आणली आणि दुपारी माड आडवा केला. जमीन हादरली तशी तुळसाने कानांवर हात ठेवले. माणसं खोडाचे तुकडे बाजूला लोटून गेली. समोर निळा समुद्र मोकळा दिसायला लागला आणि भिकाजी लहान मुलासारखा खूश झाला.

होडी परतायची वेळ म्हणून दिवस कलताना सुभद्रा एकटीच लग्नाहून परतली; बाकीची वाडी तिथेच मुक्कामाला राहिली. ती अंगणाच्या तोंडाशीच थांबली.

"बाबानू, माड खंय?"

त्याने हौसेने सगळं सांगितलं. ती ऐकत नव्हती. ती वळून टेकडीवरच्या देवळाकडे बघत होती, मग समुद्राकडे, मग पुन्हा देवळाकडे.

"दाजी ह्या माडार नजर लावून होडी आत घालतत," ती म्हणाली. "वर देवळाचो कळस, खाली ह्यो माड. दोनय एका सरळीत इले काय वाट. नायतर दोनय बाजूक खडप."

मला हे कोणी कधी सांगितलं नाही, असं भिकाजी पुटपुटला.

"तुमी कधी इचारलास?"

तिने हे रागाने म्हटलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. गोदीतल्या प्रत्येक गलबताचं कूळ त्याला पाठ होतं. स्वतःच्या अंगणातल्या झाडाकडे समुद्रावरून कोण बघतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने घाबरत घाबरत विचारलं की दाजी दुसऱ्या खुणेने येणार नाही का. ती म्हणाली, दाजींची नजर अधू झाली आहे, त्यांना आता उंच तेवढंच दिसतं. दिसलं नाही तर शेजारच्या परसातला एखादा माड तोच समजून ते होडी खडपांवर घालतील.

तिघंही किनाऱ्यावर धावली. सूर्य पाण्याला टेकला होता. खडपांवर लाटा फुटून पांढरा फेस उडत होता आणि त्या आवाजाची भीती भिकाजीला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. बाहेर क्षितिजाजवळ शीड दिसलं, नखाएवढं. दाजीचीच होडी. ती सरळ न येता डावीकडे सरकली, थांबली, मग उजवीकडे सरकू लागली. माड शोधत होती. सुभद्रा तोंडावर पदर धरून उभी होती.

ओरडून उपयोग नव्हता. वाडीत एक बाप्या नव्हता. भिकाजीने अंगणात येऊन बांबूला आपलं नवं शीड बांधून उभं केलं, पण ते घराच्या कौलांपेक्षा जेमतेम उंच झालं. बांबू त्याच्या हातातून सुटला. त्याने माडाच्या झावळ्यांना काडी लावली. झावळ्या हिरव्या, नुसता धूर झाला आणि तो जमिनीलगत पसरून राहिला. काळोख उतरत होता. देवळाचा कळस आता दिसेनासा झाला. आपण पोरीचं कुंकू आपल्या हाताने तोडून आडवं केलं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

"दीपमाळ लावूक सांग," तो तुळसाला म्हणाला. "गुरवाक सांग, सगळी पेटय." ती टेकडीकडे धावत सुटली.

मग तो होडीकडे वळला. नाळ माडाच्या बुंध्याला जवळजवळ चिकटलेली होती. मांडवावर शाकारलेलं सुकं गवत त्याने हातांनी ओरबाडून होडीत भरलं, उंडीच्या तेलाचं मडकं वर ओतलं. त्याने ओढलेल्या दोन काड्या विझल्या. तिसरी सुभद्राने ओढली.

तेल प्यालेलं लाकूड धडाडून पेटलं. ज्वाळा घराच्या वर गेली. चंद्रुसाचा वास सगळ्या वाडीत पसरला. वर टेकडीवर दीपमाळेचा एक दिवा लागला, दुसरा लागला, मग सगळी उजळली. वर कळसाच्या जागी दीपमाळ, खाली माडाच्या जागी आग. भिकाजी आणि सुभद्रा वाळूवर उतरली आणि तो आगीकडे पाठ करून पाण्याकडे बघत राहिला. दाजीची होडी आता काळोखात कुठेच दिसत नव्हती. एकदा लाकूड घासल्याचा कर्कश आवाज आला आणि सुभद्रा मटकन वाळूत बसली. त्यानंतर बराच वेळ फक्त लाटा ऐकू आल्या. भिकाजीने देवाला काही मागितलं नाही. मागायचं तोंड नव्हतं.

मग वल्ह्यांचा आवाज आला.

होडी वाळूला लागली तेव्हा तिचं सुकाणू मोडलेलं होतं आणि तळात घोटाभर पाणी होतं. गुरुदास उडी मारून उतरला. सुभद्राने त्याला हात लावून बघितलं, खांदा, कपाळ, पुन्हा खांदा, आणि ती मोठ्याने रडायला लागली. भिकाजी त्यांच्याजवळ गेला नाही. जावयाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो होडीतलं पाणी उपसायला वळला.

दाजी सगळ्यांत शेवटी उतरला. म्हातारा माणूस. तो भिकाजीच्या अंगणापर्यंत चालत आला. बुंधा बघितला, बाजूला लोटलेले खोडाचे तुकडे बघितले. होडीच्या आता नुसत्या फासळ्या जळत होत्या. तो शिव्या देईल म्हणून भिकाजीने मान खाली घातली होती. दाजीने शिवी दिली नाही. तो बुंध्यावर बसला आणि दम खाऊन हळूच म्हणाला,

"आज होडी होती, भिकाजी. उद्या काय जाळतलंस?"

खाली किनाऱ्यावर गुरुदास आणि बाकीचे खलाशी कंदील धरून मोडलेलं सुकाणू सांधायला बसले होते, कारण पहाटे पुन्हा जायचं होतं.